मृगाच्या आत: चार बॅटऱ्या आणि एका दिव्याच्या कामाच्या नोंदी

३ मार्च २०२४, रविवार

गेल्या जूनमध्ये आंबोलीत मलबारी उडत्या बेडकांची जोडी डबक्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करत होती आणि माझा कॅमेरा एकेचाळिसाव्या फोटोला बंद पडला. दुसरी बॅटरी घातली, ती सव्विसाव्या फोटोला उतरली. तिसरी घातली तेव्हा पडद्यावर ‘पूर्ण भरलेली’ दिसली आणि दोन फोटोंत तीही गेली. पुढचा तासभर मी टॉर्चच्या उजेडात नुसती बघत उभी होते. ते बघायला मिळालं हेही मोठंच, पण ती रात्र तेव्हापासून मनातून गेली नाही. म्हणून यंदा मृग लागायच्या आत सगळं नीट करायचं ठरवलंय आणि केलेलं काम तारखेनिशी लिहून ठेवणार आहे.

कॅमेरा कॅनन ४०डी, २००७ चं मॉडेल, दहा मेगापिक्सेलचा. मी तो जुना घेतला. शटर ठणठणीत आहे, सेन्सर स्वच्छ आहे, बेडकाच्या डोळ्यातली सोनेरी जाळी टिपायला दहा मेगापिक्सेल पुरून उरतात. अडतं ते फक्त बॅटरीपाशी. त्याला बीपी-५११ए लागते: ७.४ व्होल्ट, १३९० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप). माझ्याकडे चार आहेत. दोन मूळ कंपनीच्या, कॅमेऱ्याबरोबर आलेल्या. दोन मागाहून घेतलेल्या स्वस्तातल्या, त्या दोन महिन्यांत बसल्या.

आज चारींवर नेलपॉलिशनं नंबर टाकले. कालच चार्ज करून रात्रभर ठेवल्या होत्या. सकाळी मल्टिमीटर लावला: १ नंबर ७.९ व्होल्ट, २ नंबर ८.१, ३ नंबर शून्य, ४ नंबर ७.६. नुसते आकडे बघून १ आणि २ चांगल्या म्हणाव्यात. मग टोकांना १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावला. १ नंबर क्षणात ६.१ वर आली. म्हणजे ०.६१ अँपिअर वाहत असताना १.८ व्होल्ट बॅटरीनं स्वतःच्या पोटातच खाल्ले. अंतर्गत रोध जवळजवळ ३ ओहम. चांगल्या बॅटरीत तो पाव ओहमच्या आसपास असतो. हेच गणित मी बारावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर सोडवते आणि स्वतःच्या बॅटरीला मात्र कधी लावलं नव्हतं. बिनभाराचं व्होल्टेज बॅटरीबद्दल फारसं सांगत नाही. ते भाराखाली बघायचं.

१० मार्च, रविवार

पेपर तपासणी चालू आहे, वेळ कमी. आधी १ नंबर उघडली.

कवच दोन अर्ध्यांचं असतं आणि शिवण चिकटवलेली असते. पेचकस किंवा चाकू घुसवायचा नाही, आत लोखंडी डबीचे सेल असतात आणि पातं घसरलं की थेट शॉर्ट. कापड गुंडाळून बॅटरी व्हाइसमध्ये धरली आणि शिवणीच्या बाजूनं हळूहळू आवळत, फिरवत गेले. तिसऱ्या फेरीला ‘टक्’ झालं. मग प्लॅस्टिकची जुनी पट्टी घालून उकललं. शेजारी वाळूची बादली, डोळ्यांवर प्रयोगशाळेतला चष्मा, काम अंगणात. ही तयारी बॅटरी निकामी दिसत असली तरी करायचीच.

आत १८५०० मापाचे दोन सेल, एकाआड एक उलटसुलट ठेवून सिरीजमध्ये जोडलेले, वर इवलासा प्रोटेक्शन बोर्ड. हे मापाचे आकडे सरळ असतात: पहिले दोन म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, पुढचे म्हणजे लांबी ५० मिलिमीटर. लॅपटॉपमध्ये आणि ई-बाइकमध्ये दिसतो तो १८६५० याचाच पंधरा मिलिमीटर उंच भाऊ.

आठवडाभर पडून असलेल्या या जोडीत एक सेल ३.९२ व्होल्ट, दुसरा २.६. बाहेरून बेरीज दिसते, आणि बेरजेत आजारी सेल लपून राहतो. चार्जरलाही बेरीजच दिसते: तो ८.४ पर्यंत भरत जातो आणि कमजोर सेल आपला वाटा उचलत नाही तेव्हा चांगल्या सेलवर जास्त ताण येतो. इतक्या छोट्या पॅकमध्ये दोन्ही सेल समतोल ठेवायची सोय नसते. शेवटी बोर्ड पुरवठा तोडतो आणि आपण म्हणतो, बॅटरी मेली. खरं तर दोनांतला एकच गेलेला असतो.

३ नंबरही उघडली. तिथे एक सेल ०.४ व्होल्ट. असा सेल जिवंत करायच्या युक्त्या बरेच जण सांगतात. मी करणार नाही. लिथियम-आयन सेल इतका खाली जाऊन पडून राहिला की ऋण बाजूच्या तांब्याच्या पातळ पत्र्यातलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमून बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. तो सेल लगेच पेटेलच असं नाही, पण कधी पेटेल हे कुणी सांगू शकत नाही. टोकांना टेप लावून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला.

१७ मार्च, रविवार

सेल शोधण्यात दिवस गेला. १८५०० सहज मिळत नाहीत. १८६५० ढिगानं मिळतात, पण त्यांत ‘९९०० एमएएच’ छापलेलेही असतात. त्या डबीत आज साडेतीन हजारांच्या वर फार काही मावत नाही, त्यामुळे छापलेला आकडाच त्या सेलची लबाडी सांगतो. वजनही सांगतं: खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. मागे घेतलेला एक निळा सेल ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला तर एकतीस ग्रॅम.

पुण्याच्या एका विक्रेत्याकडून छापील १६०० एमएएचचे आठ १८५०० मागवले, नवे, एकाच खेपेतले. जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेल स्वस्त पडले असते आणि टॉर्चला ते मी वापरतेही, पण कॅमेऱ्यात नकोत.

२४ मार्च, होळी

सेल आले. सगळे ३.५९ ते ३.६० व्होल्ट, म्हणजे एकसारखे साठवलेले. पहिली परीक्षा पास.

चार खणांचा चार्जर आहे, तो आधी ४.२ पर्यंत भरतो, मग अर्ध्या अँपिअरनं उतरवून क्षमता मोजतो. एका सेलला उतरायला तीन तास. पुरणपोळ्या लाटताना अधूनमधून जाऊन आकडे टिपले. वहीतून: १५६८, १५६५, १५६४, १५५९, १५५१, १५४८, १५४६ आणि एक १४३७. शेवटचा बाजूला काढला. आकडे जवळजवळ असलेल्यांच्या जोड्या लावल्या, मग प्रत्येकाचा अंतर्गत रोध पाहून एका जोडीत अदलाबदल केली. सातांतून तीन जोड्या झाल्या, एक उरला.

जोडी लावण्याचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळी मेख तिथेच आहे. सिरीजमध्ये दोन्ही सेलांतून तेवढाच करंट जातो, त्यामुळे ज्याची क्षमता कमी तो आधी तळ गाठतो. १५६८ आणि १४३७ ची जोडी लावली असती तर पॅक १४३७ चाच झाला असता, आणि प्रत्येक वेळी तोच सेल आधी रिकामा होत लवकर म्हातारा झाला असता.

३० मार्च, शनिवार

सेलांना पट्टी सोल्डर करायचा मोह झाला होता, खोटं कशाला सांगू. सोल्डरिंग आयर्न घरात आहे, हात बसलेला आहे. पण सोल्डर धरायला डबीचं टोक तापवावं लागतं आणि ती उष्णता सरळ आतल्या पापुद्र्याला आणि सीलला पोचते. स्पॉट वेल्डिंगमध्ये काही हजारांश सेकंदच करंट जातो, डबी कोमटसुद्धा होत नाही.

गावात आता ई-स्कूटरच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारं दुकान झालंय. तिथला पोरगा कधी काळी आमच्याच कॉलेजात होता, माझ्या वर्गात नव्हे. मी सेल टेबलावर मांडले तसं त्यानं आधी विचारलं, “मॅडम, सोल्डर मारून बघितला न्हाई न्हवं? तसला सेल मी हातात धरत न्हाई.”

नाही म्हटल्यावर माझी निकेल पट्टी हातात घेतली. “ही खरी हाय का?”

“चुंबक चिकटतं,” मी म्हटलं.

“निकेलला बी चिकटतंय की.” त्यानं पट्टीचं टोक ग्राइंडरला लावलं. पिवळ्या ठिणग्यांची फुलबाजी उडाली. “लोखंड हाय बघा, वर नुसतं पाणी दिलंय. खरं निकेल असलं ठिणगी पाडत न्हाई.”

निकेल चुंबकीय असतं हे शिकवणारी मी, आणि परीक्षा चुंबकानं घेत बसले होते. घरी येऊन उरलेला तुकडा मिठाच्या पाण्यात टाकला, दुसऱ्या दिवशी कडांना तांबडा गंज. त्याच्या दुकानातल्या पट्टीचा तुकडा शेजारीच होता, लखलखीत. आंबोलीच्या हवेत लोखंडी पट्टीचं काय झालं असतं ते दिसलंच. त्याच्याकडचीच ०.१५ मिलिमीटर जाडीची घेतली.

त्यानं धन टोकांवर आधी बार्ली पेपरच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या जाड कागदाच्या, चकत्या चिकटवल्या. सेलची अख्खी डबी ऋण असते आणि धन टोपीपासून ती जेमतेम मिलिमीटरभर लांब, पट्टी तिथे घासली तर शॉर्ट. मग टोकाला चार-चार ठिपके मारले. दुसरी जोडी चालू असताना लाइट गेली. आली तेव्हा दुकानात गर्दी होती, काम उरकलं.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर टेबलावर बसले. पहिला पॅक.

१ नंबरचा बोर्ड चांगला आहे. जोडताना क्रम पाळला: आधी ऋण, मग दोन सेलांमधला सांधा, शेवटी धन. पट्ट्यांना सोल्डर करायला हरकत नाही, त्या सेलपासून लांब आहेत. तापमान बघणारा थर्मिस्टर सेलाला टेकेल असा पहिल्यासारखाच बसवला आणि उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली. चार्जर त्याच्याच भरवशावर असतो.

बाहेरच्या टोकांना मीटर लावला. शून्य.

सेलांवर ३.६ आणि ३.६, बोर्डाच्या आत ७.२, बाहेर शून्य. अर्धा तास सांधे तपासले, भिंग घेऊन बोर्ड पाहिला. मग लक्षात आलं की बिघडलेलं काहीच नाही. सेल काढले तेव्हा बोर्डानं ‘व्होल्टेज संपलं’ म्हणून दार लावून घेतलं होतं, आणि हा बोर्ड नवे सेल जोडून ते उघडत नाही. बाहेरून चार्जिंगचा दाब आला तरच उघडतो. प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायवर ८.४ व्होल्ट आणि जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर लावून टोकांना क्षणभर टेकवलं. मीटर ७.२० वर उभा राहिला. हे ठाऊक नसल्यामुळे चांगले बोर्ड किती जणांनी फेकले असतील.

कवच मिटायच्या आधी एक बदल केला. दोन सेलांना जोडणाऱ्या पट्टीच्या बरोबर समोर कवचाला दोन मिलिमीटरचं भोक पाडलं आणि वर टेपचा तुकडा. आता मीटरची एक सुई त्या भोकात, दुसरी बाहेरच्या टोकावर, की प्रत्येक सेलचं व्होल्टेज न उघडता वेगवेगळं कळतं. या सगळ्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

कवचाला चारी कोपऱ्यांत गोंदाचा एकेक थेंब आणि शिवणीवर पातळ टेप. जाड टेप लावली तर बॅटरी कॅमेऱ्याच्या खणात अडकते.

चार्ज करून कॅमेऱ्यात घातली. पहिला फोटो गुढीचा.

१४ एप्रिल, रविवार

२ आणि ४ नंबरही भरल्या. ३ चा बोर्डच गेलेला, ते कवच ठेवून दिलं. चार्ज होताना कवच जेमतेम कोमट, कडेला धरून बसता येतं इतपत. १ नंबरवर तीन दिवसांत ६९० फोटो, स्क्रीन भरपूर वापरून. भोकातून मोजलं: ३.५२ आणि ३.५१.

चपट्या, ॲल्युमिनियमच्या पिशवीसारख्या सेलांच्या बॅटऱ्यांना हा उद्योग करू नये. माझ्या छोट्या कॅमेऱ्याची तशी एक बॅटरी फुगली आहे. ती उघडायची नाही, टोचायची नाही, चार्जही करायची नाही. सरळ वाळूच्या डब्यात गेली.

लिथियम-आयनचा आणि कॅमेऱ्याचा संबंध मुळापासूनचा आहे. १९९१ मध्ये सोनीनं हे सेल पहिल्यांदा बाजारात आणले आणि सुरुवातीलाच ते व्हिडिओ कॅमेऱ्यात आले. ज्यांच्या कामावर हे उभं राहिलं त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये. त्या वर्षी वर्गात सांगताना मी मोबाइलचं उदाहरण दिलं होतं. यंदा उघडलेली बॅटरी घेऊन जाणार.

२८ एप्रिल, रविवार

आता उजेड.

माझे गेल्या वर्षीचे बेडकाचे फोटो बघवत नाहीत. कातडी ओली असते, फ्लॅशचा चौकोन तिच्यावर आरशासारखा उमटतो: पाठीवर पांढरे डाग, डोळ्यात पांढरी खिडकी, आणि त्याखालचा रंग गेलेला. ओल्या पृष्ठभागावर दिव्याचं प्रतिबिंब टाळता येत नाही, पण ते पसरवता येतं. दिवा जेवढा मोठा आणि जेवढा जवळ, तेवढं प्रतिबिंब मोठं आणि फिकं. फ्लॅशचं तोंड सात बाय चार सेंटिमीटर. बेडूक लेन्सपासून वीतभर. मला तिथे पुस्तकाएवढा दिवा हवा.

प्रयोगाला बेडूक कुठून आणणार? काळं वांगं घेतलं आणि पाणी शिंपडलं. वांग्याची साल ओल्या कातडीपेक्षा जास्त चकाकते, तेव्हा वांग्यावर जमलं तर बेडकावर जमणारच.

पहिला प्रयत्न थर्माकोलच्या ताटलीचा. उजेड छान, पण पावसात आणि झुडपांत तो टिकणार नाही. दुसरा ट्रेसिंग पेपरचा, दमट हवेत तो लोळागोळा होतो हे आधीच कळायला हवं होतं. तिसरा पाच लिटरच्या तेलाच्या दुधी कॅनचा. कॅन उभा कापला, एका बाजूला फ्लॅशच्या डोक्याएवढं भोक, मधल्या भिंतींना आतून ॲल्युमिनियमची टेप, आणि पुढचं बावीस बाय सोळाचं दुधी तोंड तसंच ठेवलं. तेलाचा वास जायला शिकेकाई लावून तीनदा धुतला.

वांग्यावरचा पांढरा ठिपका नाहीसा होऊन तिथे मऊसर पट्टा आला, पण पट्ट्याच्या मध्यभागी जास्त उजळ ठिपका दिसतच होता. फ्लॅशच्या समोर, कॅनच्या पोटात, दुधी प्लॅस्टिकचा एक तळहाताएवढा तुकडा आडवा टांगला. त्यानं मधला उजेड अडवून बाजूला फेकला. आता वांगं जांभळं दिसतं, खरोखर जांभळं, देठाजवळची हिरवी झाकसुद्धा. घरच्यांना बोलावून दाखवलं.

किंमत मोजावी लागली: दोन स्टॉप उजेड गेला. म्हणजे फ्लॅशला दर फोटोला चौपट ऊर्जा, आणि ती येणार चार पेन्सिल सेलांतून. पडून राहिल्यावर कमी उतरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आहेत, त्यांनाही आता प्रत्येकी मोजलं. आठांतले सहा १९०० च्या वर, एक १६४०, एक ९२०. तो ९२० वाला इतर तिघांबरोबर फ्लॅशमध्ये गेला असता तर तिघांनी त्याला उलटा चार्ज केला असता. पुन्हा तीच गोष्ट. चारांवर ‘अ’ लिहिलं, दोघांवर ‘ब’, आणि ‘अ’ चा संच कधी फोडायचा नाही.

७ मे, मंगळवार

निवडणुकीची ड्युटी. काम बंद.

११ मे, शनिवार

कॅन आणि फ्लॅश लेन्सच्या वर धरायला बाजारातला ब्रॅकेट पुरत नाही, डोकं खाली वाकतं. कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. पंचवीस बाय पाचची ॲल्युमिनियमची पट्टी, दोन वळणं, खाली ट्रायपॉडच्या मापाचा बोल्ट: पाव इंची, इंचाला वीस आटे. मिस्त्रींना वहीतलं चित्र दाखवलं. त्यांनी पट्टी न वाकवता दोन तुकडे जोडायला सांगितलं, “ताई, वाकवलेली पट्टी हिसक्यानं उघडती. इथं सांधा ठेवा, कोन बी बदलता येईल.” बरोबर होतं. दीड तासात हातात दिलं, कडा घासून गोल केलेल्या. त्यासाठी वेगळं सांगावं लागलं नाही.

परत निघताना खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी थांबले. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन तो पुरा केला. त्यांच्याकडे उद्यमनगर नव्हतं, सुट्या भागांचा बाजार नव्हता. प्रत्येक चाक, प्रत्येक दात हातानं. पिशवीतला ब्रॅकेट हातात घेऊन मी तिथे बराच वेळ उभी होते.

१९ मे, रविवार

३ नंबरच्या रिकाम्या कवचातून तार काढून ‘खोटी’ बॅटरी केली, आणि बाहेर १८६५० च्या दोन सेलांचा मोठा पॅक, मध्ये तीन अँपिअरचा फ्यूज. कल्पना अशी की पावसात बॅटरीचं दार उघडावंच लागू नये. चालते उत्तम. मग नळाखाली परीक्षा घेतली, कॅमेरा न घालता, फक्त दाराचा भाग टिश्यूवर धरून. तार बाहेर येते तिथली रबरी झडप पूर्ण बसत नाही, टिश्यू ओला झाला. आंबोलीला ही जाणार नाही. घरी गच्चीवरून ढगांचे टाइमलॅप्स करायला ठेवली.

२६ मे, रविवार

कोरडा डबा: रबरी कडेचा धान्याचा डबा, सिलिका जेल, आर्द्रतामापक. मापक खरं सांगतो का हे बघायला बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्यानं भिजवलं आणि दोन्ही बंद डबीत बारा तास ठेवले. मिठाच्या संपृक्त द्रावणावर आर्द्रता ७५ टक्के असते. माझा मापक ६९ सांगत होता. म्हणजे दर वेळी सहा मिळवायचे. लेन्स ४५ च्या आसपास ठेवते. सत्तरीच्या वर आठवडे काढले की काचेवर बुरशी जाळं विणते, आमच्याकडच्या पावसाळ्यात ते वर्षाला होतं.

निळं सिलिका जेल घेतलं नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी घेतलं. ओलं झालं की वेगळ्या जुन्या कढईत मंद आचेवर गरम करते. ती कढई आता स्वयंपाकाला नाही.

८ जून, शनिवार, आंबोली

मृग लागला. आजऱ्याच्या पुढेच पाऊस भेटला.

हिरण्यकेशी माझ्या घराजवळून वाहते आणि तिचा उगम इथे आंबोलीत. नदीच्या एका टोकाला राहायचं आणि दुसऱ्या टोकाला फोटो काढायचे, हे मला फार आवडतं.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याच्या उथळ खळग्यांत आंबोली टोड दिसला. अंगावर वाघासारखे पट्टे, शास्त्रीय नावातही ‘टायगेरिना’. जगात इथल्याच आसपासच्या पट्ट्यात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अंडी याच बोटभर पाण्यात घालतो, म्हणून पाऊल टाकायच्या आधी टॉर्चनं खळगा बघायचा. बूट घरून धुऊन वाळवून आणले होते. प्राण्याला हात लावायचा नाही, एकाचे दहापेक्षा जास्त फोटो नाहीत.

कॅन उत्तम. पट्टे पहिल्यांदा नीट दिसले. पण २ नंबरची बॅटरी २१२ व्या फोटोला गेली. पडद्यावर पूर्ण भरलेली, आणि अचानक काळोख. क्षणभर गेल्या वर्षीची रात्र आठवून पोटात गोळा आला. १ नंबर घातली आणि पहाटे दोनपर्यंत ती पुरली.

९ जून, रविवार

२ नंबर भोकातून मोजायला गेले, तर मीटर एका बाजूला ३.९ आणि दुसऱ्या बाजूला काहीच दाखवेना. हलवली की आकडा यायचा, जायचा. सेल ठीक असावेत, सांधा सुटलाय. उघडली: एका टोकाची पट्टी उचलली गेली होती. त्या टोकाला चार ऐवजी दोनच ठिपके. लाइट गेली होती ती हीच जोडी. तपासायचं काम माझं होतं, पट्टीला पक्कडीनं हलकी ओढ देऊन बघायला दहा सेकंद लागतात.

त्या पोरानं पट्टी बदलून सहा ठिपके मारले आणि स्वतःच ओढून दाखवलं. बाकी दोन पॅकही उघडून त्याच्यासमोर ओढून बघितले, पक्के आहेत. निकामी सेल त्याच्याकडे दिले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रीकरण करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण तालुक्याच्या गावात ती पेटी अजून दिसत नाही. तो त्याच्या स्कूटरच्या सेलांबरोबर नोंदणीकृत कारखान्याला पाठवतो. माझा वाळूचा डबा तेवढा मोकळा झाला.

२२ जून, शनिवार, आंबोली

रात्री नऊ ते दीड. तेच डबकं, थोडी वरची फांदी. मादी फांदीच्या टोकाशी, पाठीवर नर, मागचे पाय फेस घुसळताहेत, पानं आत ओढून घेताहेत. पायांच्या बोटांमधले पडदे नारिंगी आहेत हे मला गेल्या वर्षीच्या फोटोंतून कळलंच नव्हतं, तिथे नुसता पांढरा चट्टा होता. मी दूर थांबून मोजून फोटो घेतले. फेस पुरा होऊन दोघं निघून गेली तेव्हा फांदीवर मुठीएवढा पांढरा गोळा होता. यातून पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतील.

सगळं मिळून ३८४ फोटो, सगळे २ नंबरवर. मुद्दाम तीच नेली होती.

२३ जून, रविवार

घरी येताच कॅमेरा पुसून डब्यात ठेवला. मापक ५१, म्हणजे ५७. जेल उद्या तापवायचं.

२ नंबर टेप काढून मोजली. एक सेल ३.७१, दुसरा ३.७०.